संकेतस्थळ धोरण, व्यवसायाचे

व्यवसायाची उद्दिष्टे साध्य करण्यासाठी आंतरजालाचा उपयोग कोणत्या हेतूने, कोणत्या ग्राहकांकरिता, किती खर्चात व कोणत्या क्रमाने करावयाचा, ह्याविषयी आधी विचारपूर्वक ठरविलेल्या आणि अनुभवाच्या आधारे वेळोवेळी तपासून घेतलेल्या योजनेस ‘संकेतस्थळ धोरण’ असे म्हणतात. संकेतस्थळ तयार करणे हा ह्या धोरणाचा केवळ एक भाग होय. स्थळाचा पत्ता, त्यावरील मजकूर, ग्राहकाने ते शोधून काढण्याचे मार्ग, मागणीची नोंद, पैशाची देवघेव, माल पोहोचविण्याची व्यवस्था, तक्रारींचे निवारण आणि ह्या सर्वांचे मोजमाप ह्या गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतात. त्यांपैकी एखादी दुबळी राहिल्यास इतरांवर केलेला खर्च वाया जातो. म्हणून त्यांचा एकत्रित विचार करणे आवश्यक ठरते. संकेतस्थळ धोरण ही विपणनाची एक शाखा मानली जात असली, तरी तिचा संबंध वित्त, कायदा, भाषा व तंत्रविद्या ह्या विषयांशीही येतो [→ विपणन].

ऐतिहासिक पार्श्वभूमी : जिनीव्हाजवळील ‘सर्न’ ह्या युरोपीय अणुकेंद्रीय संशोधन संस्थेत काम करीत असताना टिम बर्नर्स-ली (८ जून १९५५– ) ह्या ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये दुव्यांनी जोडलेल्या दस्तऐवजांच्या जाळ्याची कल्पना मांडली. १९९१ मध्ये हे जाळे संस्थेबाहेरील लोकांस खुले झाले आणि ३० एप्रिल १९९३ रोजी संस्थेने त्याची मूलभूत आज्ञावली कोणासही विनामूल्य वापरता येईल असे जाहीर केले. त्याच वर्षी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘मोझेइक’ हा चित्रे व मजकूर एकत्र दाखविणारा ब्राउझर तयार झाल्याने हे माध्यम सामान्य वाचकाच्या आवाक्यात आले. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या आधारजालावर व्यापारी वाहतुकीस निर्बंध होते. ते आधारजाल एप्रिल १९९५ मध्ये बंद होऊन खाजगी जालांनी त्याची जागा घेतली, तेव्हा व्यापाराच्या मार्गातील हा महत्त्वाचा अडथळा दूर झाला. तत्पूर्वी ऑक्टोबर १९९४ मध्ये ‘हॉटवायर्ड’ ह्या नियतकालिकाच्या स्थळावर पट्टीच्या आकाराच्या जाहिराती झळकल्या. आंतरजालावरील जाहिरात व्यवसायाचा तो प्रारंभ मानला जातो.

जुलै १९९५ मध्ये जेफ बेझोस (१२ जानेवारी १९६४– ) ह्याच्या ‘अ‍ॅमेझॉन’ ह्या पुस्तकविक्रीच्या स्थळाचा व सप्टेंबर १९९५ मध्ये पुढे ‘ईबे’ ह्या नावाने प्रसिद्धीस आलेल्या लिलावस्थळाचा आरंभ झाला. भारतात विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी आंतरजाल सेवा सुरू केली. ‘रेडिफ’ व ‘इंडियामार्ट’ (१९९६) आणि ‘नोकरी’ (१९९७) ही भारतीय व्यावसायिक स्थळे प्रारंभीच्या काळातील होत. भारतीय रेल्वेची तिकिटे ऑगस्ट २००२ पासून आंतरजालावर मिळू लागली, तर बंगलोर येथे ‘फ्लिपकार्ट’ ही संस्था २००७ मध्ये स्थापन झाली. प्रथम अनेक व्यवसायांनी छापील माहितीपत्रकाचीच प्रतिकृती संकेतस्थळावर ठेवली. पुढे मागणी नोंदविणे, पैसे भरणे व ग्राहकाशी सातत्याने संबंध राखणे ही कार्ये स्थळाकडे आल्यावर धोरणाची गरज भासू लागली.

उद्दिष्टनिश्चिती : ‘सर्वांचे स्थळ आहे म्हणून आपलेही असावे’ हा हेतू धोरणास पुरेसा नसतो. व्यावसायिक स्थळांची उद्दिष्टे स्थूलमानाने पाच प्रकारची आढळतात : (१) प्रत्यक्ष विक्री, (२) चौकशा मिळविणे, (३) विक्रीपश्चात सेवा व माहिती पुरविणे, (४) व्यवसायाची विश्वसनीयता प्रस्थापित करणे आणि (५) वितरक, पुरवठादार वा कर्मचारी मिळविणे. यंत्रांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यास थेट विक्रीपेक्षा चौकशा अधिक उपयोगी पडतात. दवाखान्याच्या स्थळावर वेळा, पत्ता व उपलब्ध सेवा ह्यांची बिनचूक माहितीच पुरेशी असते. फळबागाईतदारास मात्र हंगामाच्या थोड्या काळात मालाची विक्री साधावयाची असते. उद्दिष्ट ठरल्यानंतर ते मोजता येईल अशा शब्दांत मांडणे इष्ट असते. ‘प्रसिद्धी वाढविणे’ ह्या उद्दिष्टाची पूर्तता झाली की नाही हे सांगता येत नाही. ‘येत्या हंगामात पन्नास जुन्या ग्राहकांकडून थेट मागणी मिळविणे’ ह्याची पूर्तता तपासता येते.

अ‍ॅमेझॉनचे प्रारंभीचे निर्णय ह्या दृष्टीने उद्‌बोधक आहेत. उपलब्ध पुस्तकांची संख्या इतकी मोठी असते, की ती सर्व ठेवणे कोणत्याही दुकानास शक्य नसते. यादी मात्र संगणकावर ठेवता येते. शिवाय पुस्तक टपालाने पाठविताना सहसा खराब होत नाही व ग्राहकास ते हाताळून पाहण्याची फारशी गरज नसते. ऑरेगन राज्यात घाऊक पुस्तकविक्रेत्याचे मोठे कोठार सीॲटल शहरापासून फार दूर नव्हते, हेही ते शहर निवडण्याचे एक कारण होते. म्हणजेच कोणता माल, कोठून व का विकावयाचा, हे प्रश्न स्थळाच्या सजावटीच्या आधी सोडविण्यात आले होते.

ग्राहकांचा अभ्यास : स्थळावर येणारी व्यक्ती सामान्यतः एखाद्या प्रश्नाचे उत्तर शोधीत येते. वस्तू काय आहे, तिची एकूण किंमत किती, ती केव्हा मिळेल, खराब निघाल्यास काय, आणि विकणारा कोण व कोठला, हे पाच प्रश्न बहुतेक सर्व व्यवसायांत संभवतात. ते जाणून घेण्यासाठी खर्चिक पाहणीची आवश्यकता नसते. दुकानात, दूरध्वनीवर वा पत्रांतून ग्राहक जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची महिनाभर नोंद ठेवली, तरी स्थळावरील मजकुराचा आराखडा सिद्ध होतो. गिऱ्हाईक आणि वापरणारा हे नेहमीच एक नसतात, हेही ध्यानात घ्यावे लागते. परदेशी राहणारा मुलगा गावाकडील आईवडिलांसाठी वस्तू मागवितो, तेव्हा पैसे भरण्याची सोय एकाच्या व माल स्वीकारण्याची सोय दुसऱ्याच्या दृष्टीने पाहावी लागते.

स्वतःचे स्थळ व मध्यस्थांची स्थळे : धोरणातील सर्वांत दूरगामी निर्णय हा होय. आंतरजालावर विक्री करण्याचे तीन मार्ग आहेत : स्वतःच्या मालकीचे स्थळ, अनेक विक्रेत्यांना जागा देणारी बाजारस्थळे आणि लोकांच्या परस्परसंपर्काची समाजमाध्यमे. बाजारस्थळावर गिऱ्हाइकांची वर्दळ आयती मिळते. पैसे वसूल करण्याची व पुष्कळदा माल पोहोचविण्याची व्यवस्थाही तयार असते. त्याबदली दलाली द्यावी लागते, शेजारीच स्पर्धकाचा माल मांडलेला असतो आणि ग्राहकाची ओळख बहुधा बाजारस्थळाकडेच राहते. समाजमाध्यमावर आरंभीचा खर्च अत्यल्प असतो. परंतु आपला मजकूर किती जणांना दिसावा, हे त्या माध्यमाचे चालक ठरवितात व ते नियम केव्हाही बदलू शकतात.

शेतमालाच्या बाजारात अडत्यावर सर्वस्वी विसंबणाऱ्या उत्पादकाची जी स्थिती होते, तीच येथेही संभवते. माल त्याचा असतो, पण गिऱ्हाईक त्याचे नसते. ह्याहून मोठा धोका म्हणजे जागाच नाहीशी होणे. ‘जिओसिटीज’ ह्या स्थळावर असंख्य लोकांनी विनामूल्य पाने उभारली होती. ती सेवा ऑक्टोबर २००९ मध्ये अमेरिकेत बंद करण्यात आली. भारतात अत्यंत लोकप्रिय असलेले ‘ऑर्कुट’ सप्टेंबर २०१४ अखेर बंद झाले. ‘टिकटॉक’ वर भारत सरकारने जून २०२० मध्ये बंदी घातली आणि तेथे जमविलेला प्रेक्षकवर्ग अनेकांना एका दिवसात गमवावा लागला. ह्यावरून मध्यस्थ टाळावेत असा निष्कर्ष निघत नाही. नव्या व्यवसायास त्यांच्याशिवाय ग्राहक मिळणे अवघड असते. मध्यस्थांकडून ओळख मिळवावी, पण कायमचा पत्ता, मालाची अधिकृत माहिती आणि ग्राहकांची त्यांच्या संमतीने ठेवलेली यादी स्वतःकडे राखावी, हे धोरण सामान्यतः सुरक्षित समजले जाते. मध्यस्थांची संख्या व सामर्थ्य मर्यादित राहावे म्हणून निरनिराळ्या विक्रेत्यांना व ग्राहकांना सामायिक नियमांनी जोडणारे ‘ओएनडीसी’ हे खुले जाल भारतात उभारण्यात आले. ते चालविणाऱ्या कंपनीची नोंदणी डिसेंबर २०२१ मध्ये झाली.

डोमेन नाव : स्थळाच्या पत्त्यास ‘डोमेन नाव’ असे म्हणतात. आकड्यांच्या पत्त्यांऐवजी नावे वापरण्याची पद्धती पॉल मॉकापेट्रिस ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९८३ मध्ये विकसित केली. नाव आखूड, उच्चारल्यावर लिहिता येण्याजोगे आणि दुसऱ्याच्या व्यापारचिन्हाशी गोंधळ न होणारे असावे. नाव कायमचे विकत मिळत नाही. ते ठराविक मुदतीसाठी नोंदविले जाते व मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण न केल्यास ते अन्य कोणी घेऊ शकतो. नोंदणी व्यवसायाच्या वा मालकाच्या नावे असावी. स्थळ बांधून देणाऱ्या कारागिराच्या नावे ती राहिल्यास पुढे तंटे उद्भवतात.

डोमेन नावाच्या संरक्षणाबाबत मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ‘रेडिफ’ शी नामसादृश्य असलेल्या ‘रॅडिफ’ ह्या नावाच्या वापरास मनाई करून महत्त्वाचा निर्णय दिला. ‘सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्यूशन्स’ ह्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये डोमेन नावास व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण मिळू शकते, हे तत्त्व मान्य केले. ऑगस्ट २०१४ पासून ‘.भारत’ ह्या देवनागरी प्रत्ययासह नावे नोंदविण्याची सोय उपलब्ध झाली. तिच्यामुळे मराठी व कोकणी नावेही त्यांच्या लिपीत नोंदविता येतात.

आशय व भाषा : ग्राहकाला निर्णय घेण्यास उपयोगी पडणारा मजकूर हा स्थळाचा गाभा होय. विशेषणांपेक्षा तपशील अधिक विश्वास निर्माण करतात. साडीविक्रेत्याने लांबी, रुंदी, सुताचा वा रेशमाचा प्रकार, विणकाम हातमागाचे की यंत्रमागाचे, रंग पक्का आहे किंवा कसे आणि धुण्याची रीत ही माहिती द्यावी. नैसर्गिक प्रकाशात घेतलेली स्वच्छ छायाचित्रे द्यावीत व छायाचित्रातील आणि प्रत्यक्षातील रंगात फरक पडत असल्यास तसे नमूद करावे. भौगोलिक निर्देशन मिळालेल्या पैठणी, कोल्हापुरी चप्पल वा कोकणचा हापूस ह्यांसारख्या मालाच्या बाबतीत अस्सलपणा कसा ओळखावा, हे समजावून सांगणारा मजकूर ग्राहक व उत्पादक दोघांच्याही हिताचा ठरतो.

मराठीतील संकेतस्थळांना प्रारंभी एक विशेष अडचण होती. निरनिराळे टंक निरनिराळ्या संकेतप्रणालींवर आधारलेले असल्यामुळे विशिष्ट टंक संगणकावर नसल्यास मजकूर वाचता येत नसे आणि शोधयंत्रांनाही त्याचा अर्थबोध होत नसे. १९९१ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या ‘युनिकोड’ ह्या जागतिक प्रमाणकात देवनागरीचा समावेश होता. त्याचा प्रसार झाल्यावर ही अडचण बव्हंशी दूर झाली. तथापि मजकूर चित्राच्या स्वरूपात चढविण्याची प्रथा छोट्या व्यवसायांत अद्यापि दिसते. तसा मजकूर डोळ्यांना दिसला, तरी त्याची नक्कल करता येत नाही व अंध वाचकांच्या वाचनयंत्रास तो सहसा उमगत नाही. दोन वा अधिक भाषांत मजकूर द्यावयाचा असल्यास सर्व भाषांत किंमत व अटी एकसारख्या ठेवण्याची जबाबदारी स्वीकारावी लागते. ती पेलणार नसेल, तर एकाच भाषेत अचूक मजकूर देणे श्रेयस्कर होय.

रचना व वेग : स्थळाची रचना कोणत्याही पानावर प्रथमच आलेल्या व्यक्तीस आपण कोठे आहोत व पुढे काय करावयाचे, हे कळेल अशी असावी. वाट पाहावी लागल्यास माणसाचे लक्ष विचलित होते. सुमारे एक सेकंदापर्यंतच्या विलंबाने विचारांची साखळी तुटत नाही व दहा सेकंदांनंतर लक्ष टिकविणे कठीण जाते, ही मर्यादा याकोप निल्सेन ह्या डॅनिश अभ्यासकाने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विशद केली आहे. भारतात २०१६ नंतर स्वस्त झालेल्या भ्रमणध्वनी सेवेमुळे आंतरजालाचा वापर मुख्यत्वे भ्रमणध्वनीवरून होऊ लागला. त्यामुळे मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे आपोआप मांडला जाणे आणि अवजड चित्रे टाळणे ह्या गोष्टी अनिवार्य ठरल्या. पडद्यानुसार बदलणाऱ्या मांडणीची संकल्पना ईथन मार्कॉट ह्याने २०१० मध्ये मांडली. अपंग व्यक्तींना स्थळ वापरता यावे, ह्यासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे १९९९ पासून प्रसिद्ध होत असून त्यांची सुधारित आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाली. चित्रास पर्यायी मजकूर, पुरेसा रंगभेद व कळफलकावरून वापरण्याची सोय ह्या त्यांतील प्राथमिक अपेक्षा असून त्यांचा लाभ वृद्ध ग्राहकांनाही होतो.

शोधयंत्रे व जाहिरात : स्थळ उभारले म्हणजे ग्राहक आपोआप येतात, असे नाही. शोधयंत्रे पानांवरील मजकूर वाचून त्याची सूची करतात व विचारलेल्या प्रश्नाशी त्याचा संबंध आणि त्याची विश्वसनीयता लावून क्रम ठरवितात. लॅरी पेज व सर्गेई ब्रिन ह्यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेल्या ‘गूगल’ च्या पद्धतीत इतर स्थळांनी दिलेल्या दुव्यांना एक प्रकारच्या शिफारशीचे महत्त्व देण्यात आले. तेव्हापासून पैसे देऊन दुवे मिळविण्याचा व एकच शब्द वारंवार पेरण्याचा गैरप्रकारही वाढीस लागला. २०११ व २०१२ मध्ये गूगलने आपल्या क्रमपद्धतीत मोठे बदल केल्यावर अशा उपायांवर विसंबलेली अनेक स्थळे एकाएकी मागे पडली. म्हणून खऱ्या प्रश्नांची खरी उत्तरे देणारी पाने, प्रत्येक पानास अर्थपूर्ण शीर्षक आणि व्यवसायाचा नकाशावरील अचूक पत्ता हेच उपाय दीर्घकाळ टिकणारे होत. २०२२ नंतर कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित उत्तरयंत्रे प्रचारात आली. ती माहितीचा गोषवारा स्वतःच देत असल्याने मूळ स्थळाला भेट देण्याची गरज काही प्रश्नांच्या बाबतीत उरत नाही. त्यामुळे केवळ सर्वसामान्य माहितीच्या बळावर वाचक मिळविण्याचे धोरण कमकुवत झाले असून स्वतःच्या मालाची, दराची व उपलब्धतेची अन्यत्र न मिळणारी माहिती देण्यास अधिक महत्त्व आले आहे.

सशुल्क जाहिरातीत बहुधा दर भेटीमागे पैसे मोजावे लागतात. ही पद्धत १९९८ मध्ये अमेरिकेत रूढ होऊ लागली व २००० नंतर तिचा प्रसार झाला. ती त्वरित परिणाम देते, परंतु पैसे थांबताच भेटीही थांबतात [→ जाहिरात].

देवघेव, सुरक्षितता व कायदा : भारतात एप्रिल २०१६ मध्ये आरंभ झालेल्या ‘यूपीआय’ ह्या प्रदानपद्धतीमुळे लहान व्यावसायिकालाही पैसे स्वीकारणे सुकर झाले. तथापि ग्राहकाचा विश्वास हा देवघेवीच्या सोयीपेक्षा वेगळा विषय आहे. एकूण किंमत, वाहतूकखर्च व परताव्याच्या अटी पैसे भरण्यापूर्वी स्पष्ट दिसाव्यात. स्थळ व ग्राहक ह्यांमधील संदेशवहन सांकेतिक स्वरूपात होणे, आज्ञावली अद्ययावत ठेवणे आणि माहितीच्या प्रती अन्यत्र साठविणे ही सुरक्षिततेची किमान पथ्ये होत.

इलेक्ट्रॉनिक व्यवहारांना माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये वैधानिक मान्यता मिळाली. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० ह्यांनुसार स्थळचालकाने आपले विधिमान्य नाव, मुख्यालयाचा पत्ता, संपर्काचे तपशील आणि तक्रार अधिकाऱ्याचे नाव प्रदर्शित करणे आवश्यक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी व तिचे निवारण एक महिन्याच्या आत करावे, अशी त्यांत तरतूद आहे. ग्राहकाची संमती आधीच खूण केलेल्या चौकटीद्वारे गृहीत धरता येत नाही. ग्राहकास फसवून निर्णय घ्यावयास लावणाऱ्या १३ प्रकारच्या क्लृप्त्यांविरुद्ध केंद्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये स्वतंत्र अधिनियम संमत झाला. गरजेपुरतीच माहिती घ्यावी व ती सांगितलेल्या कारणासाठीच वापरावी, हे त्यामागील सूत्र होय.

मोजमाप : स्थळाला किती भेटी झाल्या, हा आकडा आकर्षक असला, तरी एकटा उपयोगी नसतो. भेटींपैकी किती जणांनी मागणी नोंदविली, त्या मागणीमागे किती खर्च आला, किती माल परत आला आणि किती ग्राहक पुन्हा आले, हे आकडे एकत्र पाहावे लागतात. हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका आंबा बागाईतदारास फळे, वेष्टन व वाहतूक हा खर्च वजा जाता दर पेटीमागे २५० रु. उरतात. तो दर भेटीस ४ रु. देऊन जाहिरात करतो. १,००० भेटींपैकी २० जणांनी प्रत्येकी एक पेटी मागविली, तर जाहिरातीचा खर्च ४,००० रु. व उत्पन्न ५,००० रु. होऊन १,००० रु. शिल्लक राहतात. परंतु त्या २० पैकी दोन पेट्या वाटेत खराब झाल्या आणि त्या प्रत्येकी ९०० रु. खर्चून बदलून द्याव्या लागल्या, तर १,८०० रु. जाऊन ८०० रु. तोटा येतो. आता पानावर पोहोचण्याचा दिवस, फळांची संख्या व बदलून देण्याची हमी ठळकपणे नमूद केल्यामुळे तेवढ्याच भेटींतून ३० मागण्या आल्या, असे समजू. उत्पन्न ७,५०० रु., जाहिरात ४,००० रु. व त्याच प्रमाणात खराब झालेल्या तीन पेट्यांचे २,७०० रु. वजा जाता ८०० रु. नफा राहतो. जाहिरातीचा खर्च एका रुपयानेही न वाढता तोट्याचे रूपांतर नफ्यात झाले. पुढील हंगामात ह्यांपैकी दहा ग्राहक जाहिरातीशिवाय परत आले, तर त्यांच्या मागण्यांवर जाहिरातीचा बोजा पडत नाही. म्हणून उत्तम वेष्टन, स्पष्ट मजकूर व जुन्या ग्राहकांची जपणूक हे स्थळाबाहेरचे विषय वाटले, तरी ते धोरणाचे घटक होत.

अपयशाची उदाहरणे : तयार कपडे विकणारे ‘बू’ हे लंडनस्थित स्थळ नोव्हेंबर १९९९ मध्ये अनेक देशांत एकाच वेळी सुरू झाले. त्याची सजावट इतकी अवजड होती, की त्या काळच्या दूरध्वनी जोडणीवरून पाने उघडण्यास फार वेळ लागे. सु. १३.५ कोटी डॉलर खर्चून मे २००० मध्ये ते बंद पडले. पाळीव प्राण्यांचे खाद्य विकणाऱ्या ‘पेट्स’ ह्या अमेरिकन संस्थेने जाहिरातीवर अफाट खर्च केला, पण जड माल खरेदी किमतीहूनही कमी दराने विकून घरपोच देण्याचे गणित जुळले नाही. नोव्हेंबर २००० मध्ये तिने व्यवसाय गुंडाळला. घरपोच किराणा पुरविणाऱ्या ‘वेबव्हॅन’ ने मागणीची खात्री पटण्यापूर्वीच कोठारे बांधण्यासाठी सु. १०० कोटी डॉलरचा करार केला. जुलै २००१ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. ह्या तिन्ही संस्थांची स्थळे लोकांना ठाऊक होती. त्यांचे अपयश अनुक्रमे ग्राहकाच्या साधनांकडे, दर मागणीमागील नफ्याकडे व वाढीच्या वेगाकडे झालेल्या दुर्लक्षातून आले. अशाच प्रकारची घरपोच सेवा पुढे इतरांनी यशस्वी केली, ह्यावरून कल्पना चुकीची नसून तिची अंमलबजावणी अकाली होती, असे म्हणता येते.

लहान व्यवसायांसाठी क्रम : मर्यादित भांडवलाच्या व्यवसायाने एकाच वेळी सर्व साधने हाताळू नयेत. प्रथम स्वतःच्या नावे डोमेन नोंदवून पत्ता, वेळ, माल, दर व संपर्क देणारी थोडी पाने सिद्ध करावीत. नकाशासेवेतील व शोधयंत्रांतील नोंदी अचूक कराव्यात. त्यानंतर एखादे बाजारस्थळ वा समाजमाध्यम निवडून मर्यादित रकमेचा प्रयोग करावा आणि हिशेब अनुकूल दिसल्यावरच स्वतःच्या स्थळावर विक्रीची सोय करावी. मजकूर कोणी व केव्हा तपासावयाचा, हेही आरंभीच ठरविणे अगत्याचे आहे. जुने दर व बंद पडलेले दूरध्वनी क्रमांक दाखविणारे स्थळ नसलेल्या स्थळापेक्षा अधिक हानिकारक ठरते, कारण त्यामुळे आलेला ग्राहक परत जातो व अविश्वास मागे राहतो.

मर्यादा : संकेतस्थळ धोरण मालाच्या गुणवत्तेची उणीव भरून काढू शकत नाही. उलट आंतरजालावर ग्राहकांचे अभिप्राय जाहीरपणे नोंदविले जात असल्याने ती उणीव लवकर उघड होते. सर्वच व्यवसायांना प्रत्यक्ष विक्रीचे स्थळ लाभदायक ठरत नाही. ज्यांचे ग्राहक एकाच गावातील व परिचयाचे आहेत, त्यांना साधे माहितीपान पुरते. तंत्रविद्या, मध्यस्थांचे नियम व कायदे वारंवार बदलत असल्याने कोणतेही धोरण कायमचे मानता येत नाही व वर्षातून किमान एकदा त्याचा फेरविचार करणे आवश्यक असते. व्यवसायाने आपला पत्ता, आपला शब्द व आपल्या ग्राहकांशी असलेला संबंध स्वतःच्या हाती राखणे, ही बाब मात्र ह्या सर्व बदलांत स्थिर राहिलेली दिसते.